सुतकाच्या घरी ‘येतो’ म्हणालो

काकांना पोचवून आम्ही परत आलो, अंगणात पाय धुतले, त्यांना ठेवलं होतं तिथल्या दिव्याला नमस्कार केला आणि एकेक जण मुकाट्याने निघाला. असंच निघायचं असतं. अशा घरून निघताना कोणी कोणाचा निरोप घेत नाही. उठायचं, चपला शोधायच्या, चालू लागायचं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी भिंतीला टेकून बसलेल्या काकीसमोर वाकलो आणि म्हणालो, “बरं काकी, येतो.”

घरातली कुजबुज थांबली. माझ्या लक्षात आलं आणि सावरायला म्हणून मी म्हणालो, “म्हणजे येतो नाही. जातो.”

हे तर त्याहून वाईट. भावकीतली एक म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, “ह्याला कोणीतरी बाहेर न्या रे.” बायकोने मला कोपराला धरून बाहेर नेलं.

यात माझा दोष थोडा आणि माझ्या आईचा जास्त, असं मी अजूनही म्हणतो. आमच्या घरात ‘जातो’ हा शब्द शिवीसारखा होता. शाळेत निघालो तरी ‘येतो’, दळण टाकायला निघालो तरी ‘येतो’. चुकून ‘जातो’ म्हटलं की आई फाटकापासून परत बोलावायची, पायरीवर बसवायची आणि नव्याने निघायला लावायची. शेजारचे गुजराती. ते निरोप देताना ‘आवजो’ म्हणायचे, म्हणजे तिकडूनही ‘या’च. दोन्ही भाषांनी मिळून माझी जीभ अशी वळवून ठेवली, की निघण्यासाठी तिच्याकडे दुसरा शब्दच उरला नाही. बाकी कुठल्याही घरी चांगली म्हणावी अशी सवय. त्या एका घरी तेवढी नको होती.

चिखल्याहून डहाणूला आमच्या घरी येताना वाटेतलं नरपड गाव मागे पडलं. मग बायको म्हणाली, “माझ्या वेळी तोंडात सुपारी धरून बसा. म्हणजे बोलायला जागा राहणार नाही.”

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. चिखल्याच्या घरात ते आणि काकी दोघंच असायची. घराच्या तिन्ही बाजूंना चिकूची वाडी, चौथ्या बाजूला रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. मुलगा पुण्याला. वाडी दरवर्षी ठेक्याने दिलेली, त्यामुळे झाडांची काळजी करायला माणसं होती. काकीची काळजी काका करायचे. आता ते गेल्यावर काकीचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, पण तेरावं होईपर्यंत कोणी काढला नाही.

तेराव्याच्या पंगतीत चुलतभावाने तो काढला. मुलगा वाईट नाही. उलट फारच चांगला, म्हणून तर काढला. तो म्हणाला की आईला इथे एकटं ठेवून त्याला पुण्यात झोप लागणार नाही, फ्लॅटमध्ये खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, खाली देऊळही आहे. काकी वाढत होती. वाढता वाढता ती म्हणाली की ती कुठेही जाणार नाही. हे घर तिने शेणाने सारवलं तेव्हापासून ते फरशी बसली तोवर पाहिलंय, आणि मरायचं तर इथेच. चुलतभाऊ म्हणाला, “अगं पण एकटी कशी राहशील?”

“एकटी कुठे?” काकीने पळी माझ्या दिशेने केली. “हा येतो म्हणालाय.”

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडात अख्खा लाडू होता. चुलतभावाने विचारलं, “दादा, खरंच येशील?” लाडवाने भरलेल्या तोंडाने नाही म्हणता येत नाही. हो मात्र नुसत्या मानेने म्हणता येतं. मी मान हलवली. असा मी काकीच्या घराला जामीन राहिलो.

माझी शाळा तलासरीला. शनिवारी ती सकाळची असते, दुपारपर्यंत सुटते. एरवी मी सरळ घरी येऊन जेवून आडवा व्हायचो. आता शाळा सुटली की स्कूटर किनाऱ्याच्या रस्त्याला काढायची, घोलवड ओलांडायचं आणि चिखल्याला काकीच्या फाटकाशी उभं राहायचं. पहिले काही शनिवार मला ते ओझं वाटलं, हे लपवत नाही. झोप जात होती. मी काही सवयी लावून घेणारा माणूस नाही. दर नव्या वर्षाला मी काहीतरी सुरू करतो. एका वर्षी पहाटे समुद्रावर चालायला जाणार होतो. त्यासाठी आणलेल्या बुटांत मांजरीने पिल्लं घातली. एका वर्षी योगासनांची चटई आणली, तिच्यावर बायको पापड वाळवते. म्हणते, छान वाळतात. त्यामुळे हे किती दिवस टिकणार याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. शंका अशी काकीलाही नव्हती. ती दर वेळी म्हणायची, “आलास? मला वाटलं आज येणार नाहीस.” आणि ताट मात्र मांडलेलं असायचं.

एकच ताट. हे लक्षात यायला मला बरेच शनिवार लागले. काकी मला वाढायची, समोर बसायची, मी जेवायचो, वाडीतल्या ठेकेदाराच्या तक्रारी ऐकायचो, निघायचो. ती कधी जेवते हे मी विचारलं नाही. एकदा पाणी घ्यायला आत गेलो तर ती ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खात होती. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, एकटीला ताट कशाला घासायला काढायचं.

तेव्हा मला काका आठवले. काकांना त्यांच्या पिढीतले लोक बायकोवेडे म्हणून हसायचे, कारण ते ताटावर बसले की आधी विचारायचे, “तुझं वाढलंस का?” आणि तिचं ताट समोर आल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. पाहुणे असले, वरण गार झालं, तरी बसून राहायचे. आजोबा रागवायचे, बायका पदराआड हसायच्या, पण काकांनी ते सोडलं नाही. एवढ्या वर्षांत काकी एकदाही उभ्याने जेवली नसेल. आता विचारणारं तोंडच नव्हतं.

पुढच्या शनिवारी पानावर बसून मी विचारलं, “तुझं वाढलंस का?” काकीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं पुन्हा काहीतरी भलतं बोलून बसलो. मग ती उठली, आत गेली, ताट घेऊन आली. त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. ती दोन भाकऱ्या जेवली आणि सगळा वेळ बिरड्यात गूळ कमी पडलाय म्हणून स्वतःलाच नावं ठेवत होती.

मी तो प्रश्न घरीही आणला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बायको कणीक मळायची थांबली आणि म्हणाली, “काय केलंत? आधी सांगून टाका.” काही केलेलं नाही हे तिला पटायला आठवडा गेला. आता ती तिचं ताट माझ्याआधी आणून ठेवते, मी विचारायच्या आत. ती म्हणते, बसून राहिलेला नवरा बघवत नाही.

असं ते वर्ष चाललं. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती तरी शनिवारी गेलो. पावसात रस्त्यावर झाड पडलं होतं तेव्हा अलीकडे स्कूटर लावून चालत गेलो आणि चिखलात एक चप्पल ठेवून आलो. काही मोठं करत नव्हतो. बसायचो. बल्ब बदलायचो. वाडीच्या कुंपणापलीकडचं शेजारचं घर कोणा मुंबईवाल्याने घेऊन तिथे पाहुण्यांना राहायच्या खोल्या केल्या होत्या. त्यांची गाणी कशी रात्रभर वाजतात ते ऐकून घ्यायचो. दर शनिवारी संध्याकाळी चुलतभावाचा फोन यायचा. मी सांगायचो, आई ठीक आहे. ती ठीक होतीही. निदान शनिवारी तरी.

दिवाळी झाल्यावरच्या एका शनिवारी मी पानावर बसलो आणि काकीने मला डाव्या हाताने भात वाढला.

डाव्या हाताने वाढणारी काकी मी जन्मात पाहिली नव्हती. लहानपणी आम्ही डावा हात पुढे केला तर तिने त्यावर पळी मारलेली आहे. मी उजव्या हाताकडे पाहिलं. तो पदराखाली होता. पदर बाजूला करायला लावला. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

“पडले,” ती म्हणाली. “उठले. झालं.”

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. बुधवारी दिवेलागणीला ती मागच्या मोरीत घसरली होती. उठता आलं नाही. हाका मारल्या, पण शेजारी गाणी चालू होती. सकाळी दूधवाला आला, त्याने हात देऊन उठवलं. तोवर ती मोरीतच होती. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. फक्त म्हणाली की थंडी अजून फारशी पडलेली नाही ते बरं.

मी दर शनिवारी यायचो आणि ती बुधवारी पडली होती. दोष असा कोणाचाच नव्हता. पण त्या दिवशी मी ताट तसंच ठेवून उठलो.

रिक्षाने डहाणूला आणून प्लास्टर घातलं. परतताना रिक्षात तिने माझं मनगट तिच्या चांगल्या हाताने धरलं आणि म्हणाली, “त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर तो मला घेऊन जाईल.” मी काही बोललो नाही. तिने ते हो धरलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन आला, आणि नेमका चेहरा दिसणारा. काकीने मला खुणेने सांगितलं, फोन वर धर. मी फोन हात लांब करून तिच्या हनुवटीच्या वर धरला, म्हणजे प्लास्टर दिसू नये. हात भरून आला आणि फोन हलायला लागला. पुण्यात तिचा चेहरा बोटीत बसल्यासारखा दिसत असणार. ती हसून नातवाच्या परीक्षेची चौकशी करत होती. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, “दादाला दे.” मी फोन माझ्याकडे वळवला. तो म्हणाला, “दादा, तू जातोस म्हणून मला झोप लागते.”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू? ती म्हणाली की हे तिला विचारू नये. सांगितलं तर काकीचं घर जाईल, नाही सांगितलं तर कदाचित काकीच जाईल, आणि यातलं काय हलकं हे तोलायचा काटा तिच्याकडे नाही. मग ती भांडी घासायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासत राहिली.

आयुष्यभर माझ्या तोंडून नको ते निसटत आलं आहे. लग्नात नवरीच्या वडिलांना नवऱ्याचे आजोबा म्हटलंय. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना ‘लवकर बरे व्हा’ म्हटलंय. पण ती गोष्ट निसटली नाही. सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला गेलो, पोरांचा गोंगाट मागे राहील इतका लांब, आणि चुलतभावाला फोन लावून शांतपणे सांगितलं. मोरी, रात्र, दूधवाला, प्लास्टर. त्याने दूधवाला किती वाजता येतो ते विचारलं. मग म्हणाला, “बरं केलंस सांगितलंस.” मला काही बरं केल्यासारखं वाटलं नाही.

पुढचे काही शनिवार सर्वांत वाईट. चुलतभावाने ठरवलं की मुलाच्या नाताळच्या सुट्टीत येऊन तिला न्यायचं, आणि तोवर तिला काही बोलायचं नाही, उगाच आधीपासून त्रास नको. एक बाई दिवसरात्र सोबतीला ठेवली, काकीला मात्र ती मीच शोधली म्हणून सांगितलं. काकी तिच्यावर खूश होती. म्हणाली, आता तर काळजीच नाही, मी आणखी दहा वर्षं इथे काढते. मी ‘तुझं वाढलंस का’ विचारायचो, ती डाव्या हाताने जेवायची, आणि मी ताटाकडे बघत राहायचो. एकदा तिने मला वालाच्या शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाली, बियाणं ठेवलंय, पुढच्या वर्षी परसात दुप्पट लावू.

डिसेंबरच्या शेवटी चुलतभाऊ गाडी घेऊन आला. मी आणि बायको सकाळीच चिखल्याला गेलो. सामान थोडंच होतं. देव्हाऱ्यातले देव डब्यात, काकांचा फोटो साडीत गुंडाळून, प्लास्टर निघालेल्या हाताला क्रेप बँडेजची पट्टी. काकी रडली नाही. माझ्याशी बोललीही नाही. माझ्या बायकोला तिने तुळशीला पाणी कोण घालेल, दूधवाल्याचं काय, ते सगळं नीट सांगितलं. किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या. मग दारापुढच्या ओट्यावरून उतरता उतरता माझ्यासमोर थांबली.

“तुला तोंड सांभाळता येत नाही हे सगळ्या भावकीला माहीत होतं,” ती म्हणाली. “मलाच विसर पडला.”

मी गप्प राहू शकलो असतो. निसटलं म्हणून सोडून देता आलं असतं, आणि निसटलेलं माणसं माफ करतात. मला तर आजवर सगळं त्याच खात्यावर माफ झालेलं आहे. पण वर्षभर तिच्या समोर बसून जेवलो होतो.

“निसटलं नाही, काकी,” मी म्हणालो. “मी ठरवून सांगितलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. “मग झालंच,” ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळून डहाणूच्या बाजूला गेली. तिने काच खाली केली नाही.

नवं वर्ष सुरू झालं. शाळेत सगळे संकल्प सांगत होते. कोणी साखर सोडली, कोणी मोबाइल. मला विचारलं तर मी म्हणालो, यंदा काही नवीन नाही. खरं तर मला जुनं काय उरलं तेच कळत नव्हतं. पहिल्या शनिवारी शाळा सुटली आणि मी स्कूटर काढली. घोलवड आलं तेव्हा लक्षात आलं की मी घरी जात नाहीये. तरी पुढे गेलो. घराच्या दाराला कुलूप होतं. वाडीत ठेकेदाराची माणसं जाळीच्या लांब काठ्यांनी चिकू काढत होती, क्रेट भरत होती. त्यांच्यातल्या एकाने मला ओळखून हात केला. ओट्यावरचा दिवा भरदुपारी जळत होता. निघायच्या गडबडीत कोणी बंद केला नव्हता, बटण घरात आणि किल्ली पुण्याला. मी फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो. उन्हात तो दिवा नीट दिसतही नव्हता. तुळस बायकोने सांगून ठेवलेल्या बाईने ओली केलेली दिसली. मग आलो.

संध्याकाळी काकीला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग चुलतभावाला लावला. तो म्हणाला की आई बरी आहे, गॅलरीत बसते, कमी बोलते, जेवण थोडं कमी झालंय. देवळात ने म्हटलं तर म्हणते तो तिचा देव नाही. मी विचारलं, फोन तिच्याजवळच असतो ना? पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. म्हणाला, “असतो. उशाशीच असतो. दादा, तिला तुझ्याशी बोलायचं नाहीये. थोडे दिवस जाऊ दे.”

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, झालं, सुटलो एकदाचा, आता शनिवारी दुपारी झोपायला मोकळा. तिला हसू आलं नाही. मलाही नव्हतं आलं. ती ताटं घेऊन आली, दोन्ही, समोरासमोर ठेवली, आणि खाली बसता बसता म्हणाली, “पुढच्या शनिवारी पुन्हा फोन करा. त्याच्या पुढच्याही. उचलत नसली तरी वाजलेला तिला कळतो.”